सात नंबरवरचं जाळं

सहा कोअरचा प्रोसेसर घ्यायला हवा होता. घ्या, सांगून टाकलं. लोक कबुली शेवटासाठी राखून ठेवतात, मला तेवढा दम नाही. नाकावर राग आणि ओठांवर सगळं, असं आमची ताई माझ्याबद्दल म्हणायची. हल्ली ती माझ्याबद्दल काहीच म्हणत नाही.

मी मशीन जोडते. कॉम्प्युटर हो, शिलाई मशीन नाही. बाई मशीनचं काम करते म्हटलं की लोक पँटची उंची कमी करायला घेऊन येतात. सुट्या भागांच्या बाजारात जिन्याखाली माझं टेबल आहे, शेजारी मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. टेबलावर वाकणारा दिवा, चुंबकाच्या टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर आणि पुठ्ठ्याची एक पाटी: ‘बजेट सांगा, रडगाणं नको.’ अक्षर दाजींचं.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. लग्नाआधी ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. हात धुताना त्यांनी घड्याळ काढून ठेवलं होतं, ते मी पाच मिनिटांत उघडलं आणि परत मिटवलं. एक स्क्रू उरला. घड्याळ मात्र चालू राहिलं. आई मला मारायला धावली आणि हा माणूस हसत म्हणाला, “राहू द्या हो, तेवढाच मनगटावरचा भार कमी.” तेव्हापासून मी स्क्रू. ताई चिडायची, “अहो, मोठी झाली ती आता.” यावर दाजी म्हणायचे, “स्क्रू कितीही मोठा झाला तरी त्याचा खिळा होत नाही.” असले फालतू विनोद. मी तोंड वाकडं करायची आणि आतून बरं वाटायचं.

दाजी एका गोदामात मुकादम होते. ट्रक मागे घ्यायला लावायचा, धक्क्याला टेकवायचा, माल मोजून उतरवून घ्यायचा. गोदामात सोळा कॅमेरे होते, जुने, वायरवाले. त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा एक दिवस जळला. बाजारातल्या तयार डब्यात पंधरा दिवसांपुरतं रेकॉर्डिंग राहतं आणि तिथल्या मॅनेजरला तीन महिन्यांचं हवं होतं, कारण माल कमी भरल्याच्या तक्रारी दोन-दोन महिन्यांनी येतात. दाजींनी छाती ठोकून सांगितलं, “माझी मेहुणी करून देईल. तुमच्या बजेटमध्ये.”

“बजेट किती, ते विचारलंत का?” मी म्हटलं.

“ते तू बघ गं. मी आपला शब्द देऊन बसलोय.”

आता थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. कॅमेरा सेकंदाला पंचवीस फोटो पाठवतो. सोळा कॅमेऱ्यांचे फोटो जसेच्या तसे साठवले तर कुठलीही डिस्क दोन दिवसांत गळ्यापर्यंत भरेल. म्हणून मशीन ते दाबून लहान करतं, त्याला एन्कोडिंग म्हणायचं. युक्ती साधी आहे. मागच्या फोटोपेक्षा या फोटोत जे हललं तेवढंच लिहायचं. भिंत हलली नाही? सोडा. जमीन हलली नाही? सोडा. माणूस चालला? तेवढाच लिहा. जितकं कमी हलेल तितकं काम कमी. हे काम करतो प्रोसेसर, आणि प्रोसेसरच्या पोटात असतात कोअर. कोअर म्हणजे राबणारे हात समजा. सोळा कॅमेऱ्यांना सहा हात हवेत. चारांत भागतं, पण एकही हात रिकामा राहत नाही.

माझ्या पहिल्या यादीत सहा कोअरचाच होता. मॅनेजरने यादीवर लाल रेघ ओढली आणि बजेट जवळपास अर्ध्यावर आणलं. दाजी सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर बाजारात आले, म्हणाले, चल, मी भाव करतो. भाव कसला करतात! दुकानदाराने चहा मागवला की हे त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत बसायचे आणि भाव वर जायचा.

एसएमपीएस घेताना त्यांनी स्वस्तातला उचलला. एसएमपीएस म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. मी त्यांच्या एका हातात स्वस्तातला दिला, दुसऱ्यात चांगला. “वजन करा.”

“हा जड आहे.”

“जड म्हणजे आत माल आहे. हलका म्हणजे आत हवा आहे. हवेवर गोदाम चालवायचंय का?”

“तू नवऱ्याचीही अशीच निवड करणार का गं? हातात धरून?”

“म्हणूनच अजून बिनलग्नाची आहे. सगळे हलके निघतात.”

दुकानदार खो खो हसला. भाव मात्र उतरला नाही. डिस्कही मी चांगली घेतली, चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली. घरच्या मशीनची डिस्क तिथे सहा महिन्यांत आडवी झाली असती. रॅम एकच कांडी. ग्राफिक्स कार्डाचं नावही काढलं नाही. कॅबिनेट जुनं, एका कोपऱ्यात पोचा आलेला, तो कोपरा भिंतीकडे करायचा ठरवला. असं करत करत उरला प्रोसेसर, आणि उरलेल्या पैशात तो बसेना.

काउंटरवर दोन खोकी होती. एक चार कोअरचं, एक सहाचं. मी दोन्हींकडे बघत उभी राहिले.

“फरक किती?” दाजींनी विचारलं.

दुकानदाराने सांगितला. दाजींनी शर्टाचा खिसा चाचपला. “वरचे मी घालतो. आहेत माझ्याकडे.”

माझं डोकंच सटकलं. दुकानदार ऐकत होता ना! या बाजारात मी एकटी बाई, आणि माझ्या मशीनचे पैसे माझे दाजी खिशातून भरणार? उद्या सगळ्या गल्लीत झालं असतं. “माझ्या मशीनला तुमचे पैसे? मग मी कशाला, तुम्हीच जोडा की.”

“अगं, घरातलेच आहेत...”

“दाजी, विषय संपला. चारात बसवून दाखवते.”

“बसव बाई,” ते म्हणाले. “तुझं नाक राहू दे शाबूत.”

अजूनही वेळ गेली नव्हती. मॅनेजरला एक वाक्य सांगायचं होतं: साहेब, या पैशात बारा कॅमेरे होतील, सोळा नाही. एवढंच. ते वाक्य मी घरून निघताना पाठ केलं होतं आणि त्याच्या केबिनमध्ये गिळलं. पहिलं मोठं काम होतं. दाजी दारात उभे होते, मान ताठ करून, जशी काही मी त्यांची सख्खी मुलगी आणि पदक घ्यायला आलेय.

मशीन चाललं. सोळाच्या सोळा चौकोन पडद्यावर उमटले. मॅनेजर म्हणाला, “वा.” माझं लक्ष खालच्या आकड्यावर होतं. प्रोसेसर शंभरातले त्र्याण्णव भाग राबत होता. कुणी धापा टाकत जिना चढावा आणि वरच्या माणसाने म्हणावं, आला ना वेळेवर, तसं ते ‘वा’ होतं.

काम सोपवताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक कागद देते. काय बसवलं, किती दिवसांची हमी, आणि खाली ‘काळजी’ नावाचा रकाना. पंखा पुसा, मशीनवर चहा ठेवू नका, वगैरे. दोघांच्या सह्या होतात. गोदामाचाही कागद झाला, सह्या झाल्या.

तीन आठवड्यांनी सकाळी दाजींचा फोन. “स्क्रू, तुझं मशीन झोपलंय.”

धावत गेले. सगळे सोळा चौकोन थिजलेले. पुन्हा चालू केलं, दहा मिनिटांत पुन्हा थिजलं. एकेक कॅमेरा बंद करून बघत गेले आणि सात नंबर बंद केल्याबरोबर मशीनने श्वास सोडला. सात नंबर धक्क्याच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, बाहेर आवाराकडे तोंड करून. जाऊन बघते तर काय, कोळ्याचं जाळं. या कॅमेऱ्यांच्या तोंडाभोवती अंधारात बारीक दिवे लागतात, त्यावर किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो. जाळं काचेच्या अगदी पुढ्यात, वाऱ्याने थरथरत होतं. आता आठवा मघाचं. जे हललं ते लिहायचं. जाळं हललं की मशीनच्या दृष्टीने सगळं हललं, भिंत, जमीन, आभाळ, सगळंच. चार हातांना ते पेललं नाही. सहांना पेललं असतं.

दाजी पोट धरून हसले. “एवढं मोठं मशीन, आणि एका कोळ्याने पाडलं?”

“हसू नका,” मी खेकसले. “आणि साहेबांना सांगू नका.”

“का गं? जाळं आलं, काढलं, त्यात काय?”

“म्हणजे तो म्हणणार, कसलं डबडं दिलंय. बदलून द्या. कुठून देऊ?”

कागदाच्या ‘काळजी’ रकान्यात एक ओळ वाढवता आली असती: कॅमेऱ्यांवरची जाळी रोज काढावीत, नाहीतर मशीन अडकतं. ती ओळ लिहिली की मशीन कमजोर आहे हेही लिहिल्यासारखं झालं असतं. मी लिहिली नाही.

“बरं,” दाजी म्हणाले. “तुझ्या-माझ्यात राहील. मी काढत जाईन.”

त्यांनी झाडूचा जुना दांडा घेतला, टोकाला फडकं बांधलं आणि दाराआड उभा करून ठेवला. मग तो परिपाठच झाला. मला माझ्या टेबलावरून ते कॅमेरे बघता यायचे, तशी सोय मीच करून ठेवली होती. सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम, सात नंबर बघणं. चित्र अडखळायला लागलं की फोन. दाजी दांडा घेऊन यायचे, फडकं फिरवायचे, आणि काच साफ झाली की कॅमेऱ्यात बघून कडक सलाम ठोकायचे. मी बघतेय हे त्यांना माहीत असायचं. कधी जीभ काढून दाखवायचे. पन्नाशीचा माणूस! आणि मी इकडे जिन्याखाली एकटीच हसायची, कव्हरवाला बघत राहायचा.

त्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा आठ वाजून गेले होते. सात नंबर अडखळत होता. मॅनेजर नऊला येतो. मी फोन लावला.

“दाजी, सातवर जाळं आलंय.”

“ट्रक लागतोय गं मागे. तो टेकला की काढतो.”

“तोवर मशीन थिजेल. मग तो नवाला येऊन बोंबलेल, आणि बोलणी मी खायची. दोन मिनिटांचं काम आहे.”

“एवढी घाई?”

“दाजी, माझी इज्जत काय ती तुमच्या झाडूच्या दांड्यावर आहे.”

“बरं बरं, आलो.” ते हसले. त्यांचं ते शेवटचं हसणं मी कानाने ऐकलं, म्हणून हे संभाषण मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

तेवढ्यात माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं, लॅपटॉप घेऊन, त्यात पाणी सांडलेलं. मी एका डोळ्याने पडदा बघत होते. दांडा आला. फडकं फिरलं. चित्र एकदम स्वच्छ झालं. मला हायसं वाटलं आणि मी ती खिडकी खाली करून लॅपटॉप उघडायला घेतला.

ताईचा फोन पाऊण तासाने आला.

ट्रक धक्क्याला वाकडा लागला होता. सरळ करायला ड्रायव्हरने थोडा पुढे घेतला आणि पुन्हा मागे आणला. मागे कुणी असेल असं त्याला वाटलंच नाही, कारण मागे उभं राहून ट्रक घ्यायला लावणारा माणूस दाजीच होते, आणि ते त्याला बाजूच्या आरशात दिसत नव्हते. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले. सगळ्यांना तसंच सांगतात, मला माहीत आहे.

मी कुणाला काही बोलले नाही. ताईच्या घरी राहिले, पोळ्या लाटल्या, आल्या-गेल्यांना पाणी दिलं, भाचीला घेऊन झोपले. ती नववीत आहे, रडताना उशी तोंडात धरायची. ताई सारखी एकच विचारायची, “ट्रक लागत असताना हे तिथे गेलेच कशाला? पोरांना रोज ओरडायचे, ट्रकच्या मागे जाऊ नका म्हणून. हेच कसे गेले?” ती भिंतीला विचारायची, शेजारणीला विचारायची, आणि मग माझ्याकडे बघायची. मी कणीक मळत राहायची. फोनमध्ये तो कॉल तसाच होता, आठ वाजून बारा मिनिटांचा.

महिन्याने कंपनीचं पत्र आलं. ताई एका दवाखान्यात केसपेपर काढते, तिला असल्या पत्रांची भाषा कळते, तरी तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. रेकॉर्डिंगमध्ये असं दिसून आलं आहे की मयत कामगार काठीने कॅमेऱ्याशी छेडछाड करत होता. त्या बाजूचा माल कमी भरल्याच्या दोन तक्रारी आहेत. सबब भरपाई देता येत नाही.

“चोर म्हणतायत गं यांना,” ताई म्हणाली. आवाज चढवला नाही. “बावीस वर्षं काम केलं. चोर?”

“ताई...”

“कामगार खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे दाद मागता येते म्हणे. तू चल माझ्याबरोबर. ते मशीन तू बसवलंयस. तुझं मशीन खोटं बोलणार नाही.”

त्याच क्षणी मी ठरवलं, सांगायचं. मी सांगितलं की सगळं साफ होईल, असंच मला वाटलं. कॅमेरा कंपनीचा. जाळं कंपनीच्या कॅमेऱ्यावरचं. ते काढायला गेलेला माणूस कंपनीच्याच कामाला गेला, दुसरं काय? चोरीचा डाग जाईल, भरपाई मिळेल. ताई मला आयुष्यभर तोंड दाखवू देणार नाही, पण ते माझं माझ्याशी. एवढा साधा हिशेब मी मनात मांडला आणि त्या रात्री मला महिन्याने पहिल्यांदा झोप लागली.

चौकशीची खोली लहान होती. एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडकीत फायलींचा ढीग, त्यामुळे उजेड अर्धाच. अधिकाऱ्याला सर्दी झाली होती, तो सारखा रुमाल नाकाला लावत होता. माणूस वाईट वाटला नाही. कंपनीकडून मॅनेजर आला होता. त्याने रेकॉर्डिंग लावलं.

पहिली काही सेकंदं चित्र धडपडत होतं. दाजी आवारात उभे, मग एकदम चार पावलं पुढे, मधली पावलं गायब. मशीनला ती लिहायला वेळच मिळाला नव्हता. पुढे जाळ्याची थरथर, पांढरट. मग दांड्याचं टोक आलं आणि फडक्याने सगळा पडदा झाकला.

“बघा,” मॅनेजर म्हणाला. “काठी.”

फडकं हललं. जाळं निघालं. आणि चित्र इतकं लख्ख झालं की ताईच्या तोंडून हुंदका फुटला. दाजींचा चेहरा समोर होता. हनुवटीवर दाढी करताना कापलेलं दिसत होतं. आता मशीनवर काहीच भार नव्हता, ते एकेक गोष्ट नीट लिहून घेत होतं. शर्टाचं वरचं बटण. मागे ट्रकची पांढरी दारं, त्यांवरचा चिखल, मोठी होत जाणारी. दाजींनी दांडा बगलेत धरला, टाच जुळवली आणि सलाम ठोकला. माझ्याकडे बघून. हसत.

मी तेव्हा लॅपटॉपचे स्क्रू काढत होते.

अधिकाऱ्याने घाईने बंद केलं. ताईने पदर तोंडात कोंबला होता. मॅनेजर खिडकीकडे बघत होता.

“सलाम कुणाला केला?” त्याने विचारलं.

“मला,” मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. उभी राहून, न थांबता. चार कोअर, सहा कोअर, जाळं, दांडा, फोन. फोन काढून आठ-बाराचा कॉल दाखवला. ते ट्रक टेकल्यावर जातो म्हणत होते, मीच घाई केली, हेही सांगितलं. ताईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढे बोलता आलं नसतं.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. “तुम्ही कंपनीच्या नोकरीत आहात?”

“नाही.”

“देखभालीचं कंत्राट तुमच्याकडे आहे?”

“नाही. फक्त मशीन बसवून दिलं.”

“जाळी काढायचं काम तुमच्या दाजींकडे आहे, हे मॅनेजरना ठाऊक होतं?”

“मला आज कळतंय,” मॅनेजर म्हणाला. त्याचं हे बोलणं खरं होतं, हेच तर वाईट.

“काम सोपवल्याचा कागद असेल ना? त्यात साफसफाईचं काही?”

कागद माझ्या पिशवीत होता. मी दिला. त्याने ‘काळजी’चा रकाना वाचला, बोट फिरवत, मोठ्याने. पंखा पुसावा. मशीनवर चहा ठेवू नये. खाली माझी सही. त्याने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. माझ्यासाठी पाहिली, हे मला कळलं.

“छेडछाडीचा आरोप मी काढून टाकतो,” तो म्हणाला. “तुमचे यजमान चोर नव्हते, बाई. तसं स्पष्ट लिहितो.” हे ताईला. मग माझ्याकडे वळून त्याने चष्मा काढला. “पण भरपाई कामावर असताना गेलेल्या माणसाची असते. तुम्ही जे सांगितलंत त्यावरून ते कंपनीच्या कामावर नव्हते. तुमच्या कामावर होते.”

मी काहीतरी बडबडले. कॅमेरा कंपनीचा आहे, साहेब. फायदा कंपनीचाच होता, साहेब. त्याने ऐकून घेतलं, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाला, “वर अपील करा. पण ही जबानी आता कागदावर आहे.”

मी तोंड उघडलं नसतं तर? कंपनीला चोरी सिद्ध करता आली नसती, नुसता संशय होता. वकील मिळाला असता, काहीतरी हाती लागलं असतं. हे मला नंतर तिघांनी सांगितलं. न विचारता.

बाहेर बसथांब्यावर एक बाक होतं. ताई एका टोकाला बसली, मी दुसऱ्या टोकाला. ऊन होतं. ती ओरडेल, मारेल, याची मी वाट बघत होते. लहानपणी तिच्या हातचा मार खाल्लाय मी, जोरात मारते. तिने पर्स मांडीवर धरली होती आणि समोरून जाणाऱ्या गाड्या बघत होती.

मग म्हणाली, “किती फरक होता?”

“कशात?”

“त्या दोन खोक्यांत. चारात आणि सहात.”

मी सांगितला. दाजींच्या चार दिवसांच्या पगाराएवढा होता.

तिने मान हलवली, जसा काही आकडा जुळला. “त्या दिवशी बाजारात निघताना यांनी माझ्याकडून साधारण तेवढेच मागून घेतले होते. साखरेच्या डब्याखालचे. म्हणाले, ती घेणार नाही, पण खिशात असू दे. तिला अडलं तर.”

मी बाकाचा एक ढिला स्क्रू नखाने आवळत बसले.

“संध्याकाळी परत आणून ठेवले. हसत होते. म्हणाले, तुझ्या बहिणीने भर दुकानात हाकललं मला.”

बस येताना दिसली. ताई उठली, साडीची निरी सारखी केली, पर्स खांद्याला लावली. माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

“अजून तिथेच आहेत ते पैसे. घेऊन जा.”